सोनईच्या बाईंसाठी कुत्रं पाहणे आहे

सोनई
२८ जुलै २०२५

प्रिय चांगुणा,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनच करणार होते, पण तू कानातलं यंत्र डबीत ठेवून फोन उचलतेस आणि मला आता ओरडवत नाही. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या पोरांवर ओरडून घसा संपला. म्हणून आपलं जुनं पत्रच बरं.

काम असं आहे की मला एक कुत्रं निवडून दे.

हो, मलाच. मे महिन्यात शेजारच्या वस्तीवरून विहिरीच्या मोटारीची केबल चोरीला गेली. ती बातमी मला सुरेखाकडून कळायच्या आधी करणला पुण्यात मोबाईलवर कळली होती. तेव्हापासून तो रोज एकच धोशा लावतोय, की आई, वस्तीवर एकटी राहू नकोस, इकडे ये. मी दोन महिने टोलवाटोलवी केली. शेवटी त्याने अट घातली. घरात एक चांगलं कुत्रं ठेवलं तर राहा म्हणाला, नाहीतर दिवाळीला गाडी आणतोय ती तुला न्यायलाच. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत आणि माझ्या लेकाला माझ्या दाराशी कुत्रं पाहिजे. पण हे त्याला सांगून उपयोग नाही, तो हसत नाही हल्ली.

मला पुण्याला जायचं नाही, चांगुणा. तुला म्हणून स्पष्ट सांगते. अश्विनीबद्दल माझी काडीची तक्रार नाही, अशी सून शोधून सापडायची नाही. पण अकराव्या मजल्यावर आठ दिवस राहिले की मला पाहुण्यासारखं वाटतं आणि पंधरा दिवस राहिले की सामानासारखं. इथे हे गेल्यालाही तीन वर्षं झाली, तरी सकाळी दार उघडलं की मला माझा दिवस ओळखीचा वाटतो. कल्याण आपली शेती वाट्याने करतो, त्याची बायको सुरेखा दिवसातून तीनदा डोकावते. एकटी कसली मी?

तू ढोरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढलीस. मला फार काही नको. कुत्रं लहान असावं, अंगावर उडी मारणारं नसावं, चाटणारं नसावं, केस गाळणारं नसावं, उगाच भुंकू नये पण करण आला की भुंकावं. शाकाहारी असेल तर उत्तम. आणि राहील गोठ्यात, घरात नाही. दिवाळीपूर्वी मिळालं की झालं.

सुनील आणि सूनबाई पूजाला आशीर्वाद.

तुझी
सत्यशीला


कोल्हार
५ ऑगस्ट २०२५

सत्यशीला,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि पूजाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हसून हसून ओट्यावर बसली. अगं, तू सांगितलंस तसलं जनावर ससा असतं. फक्त तो करण आल्यावर भुंकायचा नाही.

आता नीट ऐक. कुत्रं निवडायचं म्हणजे पोरीला स्थळ बघण्यातलाच प्रकार आहे. दवाखान्यात मी बघितलंय ना. लोक रूप बघून आणतात, नाव सांगायला आणतात, आणि सहा महिन्यांनी आमच्या दारात आणून म्हणतात, बाई, हे आमच्याशी जुळत न्हाई. मी विचारायची, आणताना घरात कोण कोण हाय, दिवसभर कोण असतं, किती चालणं व्हतं, ते पाहिलं का? कुणीच पाहिलेलं नसायचं.

तुझ्यापुरतं बोलते. पॉमेरियन लहान असतं, पण दिवसभर कावकाव करतं आणि केस तर विचारूच नको. पग दिसायला गोजिरवाणा, पण नाक बसकं, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्याला श्वासच पुरत नाही. असे दोन मी हाताने बर्फाच्या पाण्यात बसवलेत. अल्सेशियनला रोज पाच-सहा किलोमीटर पळवणारा आणि कामाला लावणारा माणूस लागतो. मोकळा बसला की तो स्वतःच काम शोधतो, म्हणजे तुझी गादी फाडतो. धनगराचं कारवानी कुत्रं देखणं आणि इमानी, पण त्याला मेंढरं लागतात, तू एकटी त्याला पुरायची नाहीस. आपलं गावठी सगळ्यात काटक. माझं मन तिकडेच जात होतं, पण पिल्लू आणलं तर वर्षभर ते दातानेच बोलतं. चप्पल, पदर, हात, सगळं चावून बघतं.

आणि गोठ्यात कुत्रं बांधायचं विसर. तुझ्या घराला तीन बाजूंनी ऊस आहे. उसात बिबट्या असतो हे तुला मी सांगायला नको, आणि बिबट्याला कुत्र्याइतकं दुसरं काही आवडत नाही. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो शोभेसाठी नाही. दाराशी साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे तू बिबट्याला ताट वाढून ठेवलंस. पुण्यात बसून करणला हे सुचायचं नाही. कुत्रं ठेवायचं तर दिवस मावळला की ते घरात, दार लावून, तुझ्यासोबत.

आता खरं सांग. नेवाशाच्या शाळेत आपण चौथीत होतो. तुला कुत्रं चावलं होतं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होतीस. त्यानंतर कुत्रं दिसलं की तू माझ्या उजव्या बाजूची डाव्या बाजूला यायचीस. ती भीती गेली का? कारण ती असेल तर मला स्थळ वेगळं बघावं लागेल.

चांगुणा


सोनई
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय चांगुणा,

नाही गेली.

बिबट्याचं वाचून मी कल्याणला विचारलं. तो म्हणाला, "बाईंनी खरं सांगितलंय. आमचं मोती तसंच गेलं, दोन वर्षांमागं." म्हणजे कुत्रं घरात घ्यायचं, आणि दार लावून घ्यायचं, आणि आत मी. चांगुणा, मी बाजारात कुत्रं दिसलं की अजून रस्ता बदलते. परवा किराणा दुकानाच्या पायरीवर एक झोपलं होतं, तर साखर न घेता परत आले. दोन दिवस गुळाचा चहा प्याले आणि सुरेखाला सांगितलं की डॉक्टरांनी साखर बंद केली आहे.

हे करणला माहीत नाही. त्याच्या लहानपणी तो पिल्लू मागायचा, तेव्हा मी सांगायची की यांना आवडत नाही. यांना फार आवडायचं. बिचारे गप्प बसायचे. आता कोणत्या तोंडाने सांगू त्याला?

त्याने काल मला एका कुत्र्याचा फोटो पाठवला. रॉटविलर म्हणे. डोकं एवढं की मला फोनच उलटा ठेवावा लागला. खाली लिहिलंय, आई, याला बघून कुणी फाटकाच्या आत येणार नाही. मी म्हटलं, खरं आहे, मीसुद्धा.

तू म्हणतेस तर लहानसं काहीतरी बघ, जमलं तर म्हातारं. म्हातारी कुत्री झोपून असतात ना? माझ्याकडे दिवाळीपर्यंतच वेळ आहे. करणची गाडी फाटकात येईल तेव्हा घरात कुत्रं असलं पाहिजे, नाहीतर मी त्या गाडीत असेन.

तुझी
सत्यशीला


कोल्हार
२७ ऑगस्ट २०२५

सत्ये,

पोळा झाला, आज गणपती बसले, घरात मोदकांचा घाट चाललाय आणि पूजा मला स्वयंपाकघरातून हाकलून म्हणाली, तुमी पत्रच लिहा. तेव्हा सावकाश लिहिते.

दवाखान्यातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांना मी तुझी सगळी हकीकत सांगितली. नाव सांगितलं नाही, "माझी एक मैत्रीण" म्हटलं. ते पट्कन म्हणाले की घाबरणाऱ्या माणसाला पिल्लू कधीच देऊ नका, लहान जातही देऊ नका. लहान कुत्री स्वतःच घाबरट असतात, म्हणून गुरगुरतात. त्याला मोठं, शांत, वयात आलेलं, माणसांत वाढलेलं कुत्रं द्या. मग मी तीन स्थळं पाहिली. सुनीलला टेम्पो घेऊन नाहीतरी हिंडावंच लागतं, त्याच्याबरोबर गेले.

पहिलं श्रीरामपूरचं पॉमेरियन. मालकीणबाई म्हणाल्या, फार प्रेमळ आहे, आणि तेवढ्यात त्याने सुनीलची पॅन्ट धरली. दुसरा राहुरीला चार महिन्यांचा अल्सेशियन. राजबिंडा दिसतो, पण मी उभी होते तेवढ्यात त्याने बादली, खराटा आणि दाराचा पडदा असे तीन गुन्हे केले. दोन्हींना मी नकार कळवला.

तिसरं स्थळ नगरला, कॅम्पात. लष्करातले एक मेजरसाहेब आहेत. त्यांची बदली सीमेवर झालीय, तिथे कुटुंब नेता येत नाही. मॅडम दोन पोरींना घेऊन माहेरी चालल्यात आणि माहेरी आईला दमा आहे. त्यांचा लॅब्राडोर आहे, सहा वर्षांचा, तांबूस-पिवळा. नाव बिस्किट. पोरींनी ठेवलंय, त्याला इलाज नाही.

सत्ये, मी बावीस वर्षांत हजार कुत्री पाहिली असतील. हा मी आत गेले तेव्हा उठला, जवळ आला, आणि दोन हात लांब बसून राहिला. मी बोलावल्यावरच पुढे आला. मॅडम म्हणाल्या, त्याला असंच शिकवलंय, परक्या माणसाने हात पुढे केल्याशिवाय हा जवळ जात नाही. मला तेव्हाच तुझी आठवण झाली. तो भुंकत जवळजवळ नाहीच. केस गाळतो, ते खोटं बोलणार नाही. आणि खातो. समोर ठेवशील ते आणि न ठेवशील तेही खातो, त्यामुळे डबे वर ठेव. कांदा, मनुके आणि चॉकलेट त्याला विष आहे, एवढं पाठ कर.

निघताना मॅडमची धाकटी पोर मला म्हणाली, "आंटी, वहाँ उसको कोई छोड़ेगा तो नहीं?" मी तिला शब्द दिला. तुझ्या वतीने दिलाय. दसऱ्यानंतर पहिल्या रविवारी मी आणि सुनील त्याला घेऊन येतो.

लहान मागितलं होतंस आणि मोठं आणतेय, हे मला माहीत आहे. माझ्यावर सोड.

चांगुणा


सोनई
८ सप्टेंबर २०२५

प्रिय चांगुणा,

मोठं तर मोठं. तू बघितलंस म्हणजे झालं, माझी हरकत नाही.

फक्त दसऱ्यानंतर लगेच कशाला? दिवाळीच्या आठवडाभर आधी आणलंस तरी चालेल. आणि एक विचारते, टेम्पोचा प्रवास त्याला झेपतो का? म्हणजे कोल्हार ते सोनई, आणि समजा कधी सोनई ते कोल्हार?

सत्यशीला


कोल्हार
१५ सप्टेंबर २०२५

सत्ये,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मला वाटलं होतं तू चार पानं भरून नाही म्हणशील. आणि प्रवासाचं विचारलंस ते तर फारच आवडलं, म्हणजे तू त्याला घेऊन माझ्याकडे राहायला यायचा बेत करतेयस. ये की. त्याला टेम्पो फार आवडतो म्हणे.

पण आठवडाभर आधी नको. कुत्र्याला घर आपलं वाटायला दिवस लागतात आणि तुलाही. ठरल्याप्रमाणे पाच तारखेला येतो.

चांगुणा


सोनई
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय चांगुणा,

तुम्ही त्याला सोडून गेलात त्याला आज आठवडा झाला. पहिला दिवस मी कॉटवर काढला. तू फाटकातून बाहेर पडलीस आणि मी पाय वर घेऊन बसले. तो समोर जमिनीवर बसला. मी पुस्तक उघडलं, तो बघत राहिला. मी पान उलटलं की त्याचा कान हलायचा. मला दुपारी पाणी प्यायला उतरायचं होतं, तर अर्धा तास धीर होईना. शेवटी मी त्याला शाळेतल्या आवाजात म्हटलं, "तिकडे तोंड करून बस." त्याला मराठी कळत नाही. पण माझा आवाज ऐकून तो आडवा झाला आणि पाठ फिरवून झोपला. मग मी पाणी प्याले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला शिकवायला घेतलं. मला दुसरं येतं काय? बस, उठ, थांब, नको. चार दिवसांत चारही शब्द आले. आमच्या चौथीच्या वर्गात अशी पोरं असती तर मी दहा वर्षं आणखी नोकरी केली असती. सुरेखा म्हणाली, "बाई, तुमी त्याची हजेरी बी घेता काय?" मी अजून त्याला हात लावलेला नाही. भाकरी-दूध पातेल्यात घालते आणि काठीने पातेलं पुढे सरकवते. तो काठीकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि मग खातो. मला कळतं की त्याला कळतं.

एक अडचण मात्र आहे. अंगणात उभं राहून "बिस्किट, बिस्किट" अशी हाक मारायची मला लाज वाटते. परवा हाक मारली तर कल्याण चहाला आला.

आता जे सांगायला बसले होते ते सांगते. मला रागाव, पण पत्र पूर्ण वाच. मी तुला फसवलं आहे. मला कुत्रं ठेवायचं नव्हतंच. माझा बेत असा होता की दिवाळीचे चार दिवस करणला कुत्रं दाखवायचं, आणि भाऊबीज झाली, तो पुण्याला गेला, की तुझ्या टेम्पोने परत पाठवायचं. पुढे फोनवर सांगायचं की कुत्रं मजेत आहे, कल्याणबरोबर रानात गेलंय. वर्षभर निभलं असतं. म्हणून मी परतीच्या प्रवासाचं विचारलं होतं. तू ते वेगळंच समजलीस आणि मला तुझा आनंद मोडवला नाही.

बेत अजून तोच आहे. तो चांगला आहे, मला कबूल आहे. पण माझा जीव रोज सकाळी दार उघडताना धडधडतो. या वयात किती शिकायचं माणसाने? पंचवीस तारखेला सुनीलला पाठव.

तुझी अपराधी
सत्यशीला


कोल्हार
१६ ऑक्टोबर २०२५

सत्यशीलाबाई,

पत्र पूर्ण वाचलं. तुम्ही सांगितलंत म्हणून वाचलं.

सुनील येणार नाही. टेम्पो आहे, डिझेल आहे, पण तो येणार नाही. मी एका आठ वर्षांच्या पोरीला शब्द दिलाय आणि मी तो दवाखान्याच्या कागदासारखा फाडू शकत नाही. तिने त्याच्या पट्ट्याला राखी बांधली होती, तू बघितली असशील.

तुला एक सांगितलं नव्हतं, कारण तू आधीच घाबरली होतीस. त्या मेजरसाहेबांचं घरही त्याचं पहिलं नाही. पहिले एक कर्नल होते, मग एक कॅप्टन, मग हे. प्रत्येकाची बदली झाली. तुझं घर चौथं. दर वेळी कुणीतरी चांगल्या मनाच्या माणसाने त्याला दुसऱ्या चांगल्या मनाच्या माणसाकडे दिलं. तुला परत द्यायचा असेल तर दे, पण माझ्याकडे पाठवू नकोस, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून मी काही लिहीन अशी आशा धरू नकोस. तूच त्याच्यासमोर बस आणि त्याला सांग.

मला तुझा राग आला आहे. चौथीपासून दुसऱ्यांदा.

चांगुणा


सोनई
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय चांगुणा,

काल पंचवीस तारीख होती. आज लिहितेय. रागातच असशील, पण फराळाचा डबा कल्याणच्या पाहुण्यांबरोबर पाठवला आहे. चकल्या कमी आहेत. का ते पुढे येईल.

करण आणि अश्विनी एकोणीसला संध्याकाळी आले. गाडी फाटकात शिरली. मी बिस्किटला घेऊन ओट्यावर उभी होते, म्हणजे पट्टा हातात आणि मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला. करण उतरला. मी मनात म्हटलं, भुंक, बाबा, आयुष्यात एकदा भुंक. करण ओट्यावर चढला तर बिस्किट त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसला आणि शेपटीने ओटा झाडायला लागला. अश्विनीने हात पुढे केला तर लगेच तिच्या पायाशी लोळला.

करण म्हणाला, "आई, हा चोराला चहा विचारेल."

मग त्याने परीक्षाच घेतली. बाहेर जाऊन फाटक वाजवलं, मागच्या दाराने आला, तोंडाला रुमाल बांधून आला. बिस्किटला वाटलं हा खेळ आहे. तिसऱ्या फेरीला तो करणची चप्पल घेऊन त्याच्या मागे निघाला. त्या गडबडीत ताटातल्या चकल्याही संपवल्या. अश्विनी हसत होती, मीही हसत होते, पण करणने तोंडावरचा रुमाल काढला तेव्हा तो हसत नव्हता. म्हणाला की अशा कुत्र्याचा राखणीला काही उपयोग नाही, तेव्हा अट पूर्ण झालेली नाही, आपण निघताना सोबतच जायचं. तुला माहीत आहे, मी चाळीस पोरांसमोर बोलते, पण त्या एकासमोर मला बोलता येत नाही. हे गेल्यापासून तर नाहीच. त्याचा चेहरा यांच्यासारखा होतो आणि माझे शब्द जातात.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गावात फटाके सुरू झाले. मी पूजेची तयारी करत खाली बसले होते. पहिली माळ वाजली आणि बिस्किट आतून धावत आला. बोलावलं नव्हतं, हात पुढे केला नव्हता. सरळ येऊन माझ्या मांडीवर डोकं घातलं आणि थरथरायला लागला. मी ओरडणार होते. पण चांगुणा, एवढा मोठा जीव असा थरथरत होता की माझ्याच्याने ओरडवेना. या घरात पहिल्यांदाच माझ्यापेक्षा घाबरट कुणीतरी होतं. मी हात ठेवला. दोन्ही हात ठेवले. फटाके थांबेपर्यंत मी तिथेच बसून होते आणि पूजा अश्विनीने केली. त्याचे कान फार मऊ आहेत, हे तू कधी लिहिलं नव्हतंस.

पाडव्याला सकाळी करणने माळ्यावरून माझी मोठी बॅग काढली. अश्विनी माझ्या साड्या घड्या घालून पलंगावर ठेवायला लागली, तिचं तोंडही उतरलेलं होतं. करण फोनवर कुणाशी तरी बोलत होता, की एक लॅब्राडोर आहे, चांगला आहे, कुणाला हवा असेल तर बघ. मी स्वयंपाकघरात होते. माझाच बेत मी लेकाच्या तोंडून ऐकत होते, शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

मी बिस्किटला हाक मारली. आला नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन पाहिलं तर तो बॅगेपाशी होता. बॅग हुंगून तो भिंतीकडे गेला आणि आमच्या सगळ्यांकडे पाठ करून झोपला. पातेलं भरलेलं, तोंड लावलेलं नव्हतं. त्याने जेवण सोडलं, चांगुणा! त्याला बॅग म्हणजे काय ते माहीत होतं. चौथ्यांदा बघत होता तो.

मग मी बोलले. मी म्हटलं, "करण, फोन ठेव. हा कुठं जाणार नाही आणि मीही जाणार नाही."

तो अट, केबलची चोरी, अंधार, बिबट्या सगळं परत सांगायला लागला. मी त्याला सगळं सांगून टाकलं. चौथीतलं कुत्रं सांगितलं, चौदा इंजेक्शनं सांगितली, त्याच्या वडिलांवर मी घातलेला खोटा आळ सांगितला आणि भाड्याने आणल्यासारखं चार दिवसांसाठी कुत्रं आणायचा बेतही सांगितला. म्हटलं, "मला तुला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून मी कुत्र्याच्या मागे लपले. मला कुत्र्याची भीती वाटत होती, पण तुझ्या गाडीची त्याहून जास्त वाटत होती. राखणीचं कुत्रं मला नकोच आहे. हा मला घरात सोबतीला पाहिजे, आणि मला माझ्या घरात राहायचंय."

अश्विनीने हातातली साडी परत कपाटात ठेवली. मग करण बॅगेवरच बसला आणि म्हणाला, "आई, तुझा फोन आला की मला भीती वाटते, आणि नाही आला तरी वाटते. बाबांच्या वेळेला मी मीटिंगमध्ये होतो."

तीन वर्षं तो हे घेऊन बसला होता आणि मी समजत होते की त्याला हुकूम गाजवायचाय. मी त्याच्या शेजारी बसले. बॅग मोठी आहे, दोघं मावतो. मी त्याला म्हटलं की त्या दिवशी तू इथे असतास तरी काही बदललं नसतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुला कुणी सांगितलं नाही ही माझी चूक. तो रडला. तुला सांगते म्हणून सांगते, त्याला विचारू नकोस.

आता असं ठरलंय की रोज सकाळी सातला मी त्याला फोन करायचा, दिवस मावळला की बिस्किट आणि मी आत, आणि बाहेर दिवा तो लावून गेलाय, माणूस आला की आपोआप पेटतो. मांजर आलं तरी पेटतो. राखणीचं काम दिव्याने करायचं, असं करण म्हणाला.

तेवीसला ते निघाले. सामान गाडीत चढताना बिस्किट पलंगाखाली गेला. बाहेर येईना. गाडी फाटकातून वळली, आवाज गेला, तरी येईना. मी काही हाक मारली नाही, पलंगापाशी जमिनीवर बसून राहिले. खूप वेळाने तो अर्धा बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. त्याची खात्री होईपर्यंत मी हलले नाही. मग तो उठून पातेल्यापाशी गेला आणि सकाळची भाकरी सगळी खाल्ली.

तुझा राग गेला असेल तर एक काम कर. मॅडमचा नंबर तुझ्याकडे आहे. त्या धाकट्या मुलीला सांग की बिस्किट सोनईतच राहतोय, आणि मीही राहतेय.

तुझी
सत्यशीला